चष्मे कुठल्या रकान्यात बसतात

जगात कुठेतरी कुणीतरी पैशाची थैली मांडीवर घेऊन बसलेलं आहे, ती कुणाला द्यावी या विवंचनेने त्याला अन्न गोड लागत नाही, आणि आपल्याला फक्त त्याचा पत्ता सापडायचा बाकी आहे, अशी माझ्या थोरल्या जाऊबाईंची ठाम समजूत आहे. देवावरही त्यांची श्रद्धा आहे, पण ती सणावारी. या अज्ञात दात्यावर मात्र बारा महिने. त्याच्या शोधात त्या वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचतात, कारण निविदा आणि जाहीर सूचना तिथे असतात. खडेबाजारातून चुरमुरे आणले तर पुडी सोडून आधी कागद सरळ करून वाचतात आणि चुरमुरे तोवर परातीत मऊ पडतात. एकदा दाढ काढून घ्यायला गेल्या असताना, तोंडात कापूस असतानाच, त्यांनी डॉक्टरांना खुणेने विचारलं होतं की भिंतीवर ज्या ट्रस्टचं प्रमाणपत्र लावलंय तो वाचनालयांना काही देतो का. डॉक्टर बिचारे दाढ दुखतेय समजून आणखी एक इंजेक्शन द्यायला निघाले होते.

आम्ही बेळगावातल्या वडगावचे. आमच्या घरात पूर्वी हातमागावर साड्या विणायचे. पुढच्या खोलीत खड्डामाग होता, म्हणजे पाय खाली खड्ड्यात सोडून बसायचा माग. तो बंद पडल्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, त्या खोलीत स्कूटर ठेवायचं मनात आणलं होतं. स्कूटर अजून अंगणातच भिजते, कारण आक्कांनी तिथे गल्लीतल्या बायकांसाठी वाचनालय काढलं. मी त्यांना आक्का म्हणते. त्यांचं माहेर निपाणीजवळचं बोरगाव, शिक्षण दहावी, आवाज एखाद्या मोठ्या शाळेच्या प्रार्थनेला पुरेल असा. मी शहरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते, तेव्हा खरं तर घरातली शिकलेली ग्रंथपाल मी. पण गल्लीत "वाचनालयवाल्या बाई" म्हटलं की लोक आक्कांकडे बोट दाखवतात आणि मला "त्यांची धाकटी जाऊ" म्हणतात. सुरुवातीला हे मला टोचायचं. आता टोचत नाही, असं मी लोकांना सांगते.

अनुदान मिळवणं म्हणजे मुलीचं लग्न जमवणं, असं आक्कांचं शास्त्र आहे. देणारी संस्था म्हणजे मुलाकडची मंडळी. "हे स्थळ बरं हाय, पण मागण्या लई," त्या एखादा अर्जाचा नमुना बघून म्हणतात, किंवा, "ह्यांच्यात नको. गेल्या साली एका वाचनालयाला हो म्हणाले आन् ऐनवेळी फिरले." अर्ज पाठवल्यावर आठ दिवस गप्प बसायचं, नवव्या दिवशी फोन करायचा, पण मागायचं काही नाही, नुसती ख्यालीखुशाली विचारायची, हा त्यांचा नियम. कित्येक कचेऱ्यांतल्या कारकुनांच्या मुलांच्या परीक्षा आक्कांना तोंडपाठ आहेत. एखादा नकार आला की त्या रडत नाहीत, रागावत नाहीत. कागद घडी घालून पोळपाटाखालच्या फळीवर ठेवतात आणि म्हणतात, "योग नव्हता."

हे सगळं त्या स्वतःसाठी कमी आणि दुसऱ्यांसाठी जास्त करतात. जांबोटीकडच्या एका खेड्यातल्या शिक्षिकेला शाळेसाठी पुस्तकांचं कपाट हवं होतं. आक्कांनी अर्ज लिहायला घेतला, पण "गाव बघितल्याबिगर लिहायचं कसं" म्हणून भर पावसात एस.टी.ने तिकडे गेल्या. परतीची बस चुकली, पुढची कधी येईल ते खुद्द कंडक्टरलाही माहीत नव्हतं, म्हणून छत्री आणि चपला हातात घेऊन भाताच्या बांधावरून चालत मोठ्या रस्त्याला लागल्या. घरी आल्या त्या तापाने फणफणून. पण अर्जात त्यांनी लिहिलं होतं की शाळेला लाकडी नव्हे, लोखंडी कपाट द्यावं, कारण तिथल्या ओलीत लाकडाला बुरशी येते आणि पुस्तकांना वास लागतो. कपाट आलं, तेही लोखंडी. माझ्या कॉलेजात जाडजूड प्रस्ताव लिहिणारे प्राध्यापक आहेत, पण अर्जासाठी कुणी भिजल्याचं मला आठवत नाही.

आता त्यांची सगळ्यांत विचित्र सवय सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. आक्का अर्ज करण्याआधी समारोपाचा अहवाल लिहितात. पैसे मिळाले, काम झालं, सगळं छान पार पडलं, असा तो अहवाल असतो. अनुदान संपल्यावर पाठवायचा असतो तो, पण त्या आधीच लिहून काढतात, आणि तोही भूतकाळात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसले. त्या म्हणाल्या, "हसतीस काय? साडी घ्याय आलेली बाई आधी पदर बघती का न्हाय? तसं हाय हे. शेवट वाचून मलाच आनंद झाला न्हाय, तर पैसे कशाला मागायचे?" अहवाल आवडला तरच त्या अर्जाकडे वळतात. कितीतरी योजना त्यांनी अशा अहवाल वाचून स्वतःच मोडीत काढल्या आहेत. यातलं शहाणपण मला उशिरा कळलं. त्यातला धोका मात्र माझ्याच हातून चूक घडेपर्यंत कळला नाही.

आमच्या गल्लीत आता दोन्ही बाजूंना पॉवरलूम आहेत. दिवसभर असा खडखडाट असतो की माणसं ओठ बघून बोलतात. करंट गेला की सगळे माग एकदम थांबतात आणि कानात दडे बसल्यासारखी शांतता होते. मग मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या, धागे कातरणाऱ्या बायका बाहेर कट्ट्यावर येतात. या वेळेचा उपयोग करायचा म्हणून आक्कांनी तिथे बसून मोठ्याने पुस्तक वाचायला सुरुवात केली. दुपारी दोनला करंट गेला की अडीचला गोष्ट ऐन रंगात यायची, आणि करंट आला की बायका वीज मंडळाला शिव्या घालत आत जायच्या. करंट आल्याबद्दल शिव्या खाणारं वीज मंडळ बहुधा आमच्याच गल्लीत असावं.

"आपल्या आपण वाचा की, घरी घेऊन जावा," असं आक्का सांगायच्या. बायका पुस्तक न्यायच्या आणि तसंच परत आणायच्या. यात अडाणी कुणी नव्हतं, सातवी-आठवीपर्यंत सगळ्या शिकलेल्या. शेवटी शेवंता म्हणून एक आहे, कोपऱ्यावरच्या मागावर कांड्या भरते, तिने खरं सांगितलं. "आक्का, वाचाय येतंय, पण अक्षरं मुंग्यावानी पळत्यात बघा." चाळिशी ओलांडली की धाग्यावर नजर खर्च झालेले डोळे छापील अक्षरावर ठरत नाहीत, आणि चष्मा करायचा म्हटलं की घरात आधी नवऱ्याचा, मग सासऱ्याचा. आक्कांनी स्वतःचा चष्मा काढून तिच्या नाकावर ठेवला. नंबर जवळपास जुळला. त्या दिवसापासून वाचनालयात एक चष्मा आणि डझनभर वाचक अशी अवस्था झाली. एकीने एक पान वाचायचं आणि चष्मा पुढे द्यायचा. शेवंताची पाळी एकदा नेमकी खुनाच्या पानावर संपली. करंट आला, चष्मा गेला, आणि मेलं कोण ते कळायला तिला दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत जीव मुठीत धरून बसावं लागलं.

तेव्हा आक्कांनी ठरवलं की या बायकांना प्रत्येकीचा चष्मा मिळाला पाहिजे, आणि तो वाचनालयातर्फे मिळाला पाहिजे. मी त्यांना इतक्या हट्टाला पेटलेलं पूर्वी पाहिलं नव्हतं. पण चष्मे हे प्रकरण कुठेच बसेना. वाचनालयांना मदत करणाऱ्यांनी कळवलं की चष्मे हे ग्रंथालय-साहित्य नव्हे, आरोग्याकडे जा. आरोग्यवाल्यांनी कळवलं की मनोरंजनासाठी वाचन हा आरोग्यविषयक हेतू होत नाही, ग्रंथालयांकडे जा. फळीवर नकारांची चळत वाढली. मी माझं शिक्षण वापरून सुचवलं की आपण चष्म्याऐवजी "वाचन-सहाय्यक साधने" असं लिहू. आक्का म्हणाल्या, "म्हंजे काय, बॅटरी? चष्म्याला चष्मा म्हणाय लाज वाटाय लागली व्हय आपल्याला?"

मग बेंगळूरची एक विश्वस्त संस्था सापडली. वस्त्यांमधल्या वाचन-उपक्रमांना ती पैसे द्यायची आणि तिच्या अर्जात "इतर" नावाचा एक रकाना होता. आक्कांना तो रकाना बघून मुलाकडचे हुंडा घेत नाहीत असं कळल्यासारखा आनंद झाला. नेहमीप्रमाणे आधी अहवाल लिहून झाला. तो तर फारच देखणा उतरला होता. चष्मे कसे वाटले, करंट गेल्यावर कट्ट्यावर बायका कशा आपापलं पुस्तक उघडून बसल्या, शेवंताबाईंनी एक अख्खी कादंबरी कशी संपवली, सगळं डोळ्यांसमोर उभं राहील असं. मग अर्ज झाला. मी दोन्हींचं इंग्रजी केलं, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर टाइप केलं, आणि एका धावपळीच्या दुपारी अर्ज म्हणून अहवाल पाठवून दिला.

दोन आठवड्यांनी पत्र आलं. आपला समारोप अहवाल मिळाला, वाचून समाधान वाटलं, मात्र आपणांस कोणतंही अनुदान दिल्याची नोंद आमच्याकडे नाही, सबब आमच्या प्रतिनिधी प्रत्यक्ष पाहणीसाठी येत आहेत. खाली बारीक अक्षरात असंही होतं की खोटी माहिती देणाऱ्या संस्थांचा पुन्हा विचार केला जात नाही. मी ते मोठ्याने वाचलं. चूक माझी होती, पण नाव आक्कांच्या वाचनालयाचं जाणार होतं. अण्णांनी एकदाच विचारलं, "न घेतलेल्या पैशाचं काम झालं म्हणून कळीवलंसा व्हय गं?" आणि ते अंगणात स्कूटर पुसायला गेले. आक्का मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "येऊ देत," एवढंच म्हणाल्या, "बघाय येणारी बाई चहा तरी घेईल."

त्या बाई आल्या तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मूळच्या हुबळीच्या, पन्नाशीच्या, हातात फाइल. मराठी त्यांना पुरतं कळायचं, बोलायच्या कानडीत. आक्कांना कानडी पुरतं कळतं, बोलतात मराठीत. दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि कुणाचं काही अडत नव्हतं. करंट नुकताच गेला होता. एरवी आम्ही त्याची वाट बघतो, त्या दिवशी मात्र तो गेला नसता तर बरं झालं असतं, कारण आता कट्टा दाखवणं भाग होतं. आम्ही बाहेर आलो. कट्ट्यावर बायका रांगेने बसल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात पुस्तक होतं आणि प्रत्येकीच्या डोळ्यांवर चष्मा होता.

हा कट त्यांनी आम्हाला न विचारता केला होता. अहवालाची भानगड गल्लीत पसरली होती आणि आक्कांची अब्रू वाचवायला एकेकीने घरात मिळेल तो चष्मा डोळ्यांवर चढवला होता. कुणी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या सासऱ्याचा, कुणी कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा. एकीने तर स्कूटरवर बसताना दिराला लागणारा काळा गॉगल लावला होता. शेवंताच्या चष्म्याला एकच काडी होती आणि दुसऱ्या बाजूला साडीचा जरीचा धागा बांधून कानाला अडकवला होता. त्यांतल्या एकीलाही काही दिसत नव्हतं. भलत्या नंबरामुळे त्यांतल्या दोघींचे डोळे पाण्याने भरले होते. तरी सगळ्या पानं उलटत होत्या, आणि त्याही एकाच वेळी.

मला वाटलं, आता आक्का गप्प बसतील. बसल्या असत्या तर निभावलंही असतं. त्या पुढे झाल्या आणि एकेकीच्या डोळ्यांवरचा चष्मा अलगद काढून तिच्याच मांडीवर ठेवत गेल्या. मग वळून म्हणाल्या, "बाई, ह्यातला एक बी चष्मा ह्यांचा न्हाय. तुम्ही वाचलासा तसं काय बी घडलेलं न्हाय अजून. मी शेवट आधी लिवते, ती माझी खोड हाय. ह्यांनी केलं ते मला वाचवाय केलं." मी घाईघाईने मध्ये घुसून सांगितलं की चुकीची फाइल मी पाठवली, खरा अर्ज हा घ्या. बाईंनी अर्ज घेतला, पण उघडला नाही. त्यांनी कानडीत विचारलं, "मग रोज वाचता कशा?"

आक्कांनी स्वतःचा चष्मा काढून शेवंताला दिला. शेवंताने पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली, आधी अडखळत, मग सरळ. पान संपलं. सवयीप्रमाणे शेजारणीने हात पुढे केला. शेवंताने चष्म्याची काडी बोटांनी घट्ट धरली, मान वर न करता पान उलटलं आणि पुढे वाचतच राहिली. तिच्या ते लक्षातही आलं नसावं. शेजारीण हात पुढे करून तशीच बसून राहिली. बेंगळूरच्या बाई त्या हाताकडे बघत होत्या. नंतर त्यांनी चहा घेतला, साखर कमी हवी होती असं सांगितलं, नियमांचं मी काही सांगू शकत नाही म्हणाल्या आणि गेल्या.

पुढचे दोन महिने मी पोस्टमनला चुकवत होते. शेवटी पत्र आलं. अनुदान मंजूर झालं होतं आणि चष्मे "ग्रंथालय फर्निचर" या शीर्षकाखाली बसवले होते. मला हसावं की रडावं कळेना. आक्का मात्र संतापल्या. "खुर्ची हाय काय ती, नाकावर ठेवाय?" त्यांनी तिथल्या तिथे निषेधाचं पत्र लिहून मला पाठवायला दिलं. ते मी पाठवलं नाही, आणि या वेळी चुकून नव्हे.

डोळे तपासणारे डॉक्टर आले, नंबर निघाले, चष्मे वाटले गेले. तो दिवस आमच्या गल्लीत सणासारखा झाला. शेवंताने पहिल्यांदा पुस्तक नव्हे, स्वतःचा तळहात बघितला आणि म्हणाली, "लई रेषा हायत की गं." मग हळूहळू पुस्तकं कपाटातून जायला लागली आणि वाचून परत यायला लागली. अहवालात आक्कांनी जसं लिहिलं होतं, तसंच अक्षर न् अक्षर घडलं.

एकच गोष्ट त्यांनी लिहिली नव्हती, कारण ती त्यांना सुचलीच नव्हती. करंट गेला की त्या पूर्वीसारख्या पुस्तक घेऊन कट्ट्यावर जायच्या. "वाचू काय?" म्हणून विचारायच्या. बायका प्रेमाने म्हणायच्या, "आक्का, जरा थांबा हं, माझं हे पान होऊ दे." ते पान काही व्हायचं नाही. सगळ्यांच्या माना खाली आणि कट्ट्यावर चिडीचूप. आक्का थोडा वेळ बसायच्या, खुशीत बघायच्या, मग उठून आत यायच्या. पुढे पुढे त्यांनी बाहेर जायचंच सोडलं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "आता माझं काय काम तिथं? मोठ्या झाल्या पोरी." त्या पोरींमधल्या दोघी-तिघी आज्या आहेत.

परवा मी कॉलेजातून लवकर घरी आले. करंट नव्हता. बाहेर कट्टा भरलेला होता आणि आत वाचनालयात आक्का एकट्याच पुस्तकांना कव्हरं घालत बसल्या होत्या. शेजारी त्यांचं अर्धं राहिलेलं पुस्तक होतं, जिथे कट्ट्यावरचं वाचन थांबलं तिथे त्यात कागद घातलेला. मी पर्स ठेवली आणि म्हटलं, "आक्का, मला वाचून दाखवा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुझे डोळे चांगले हायत की."

"आहेत. तरी वाचा."

"हे तू वाचलेलंच असशील. हाफिसात काय दुसरं करतीस?"

"नाही वाचलेलं," मी म्हटलं. खरं तर ते मी दोनदा वाचलं होतं. पण इतकी वर्षं पुस्तकांत काढूनही मला कुणी कधी काही वाचून दाखवलेलं नव्हतं, लहानपणीसुद्धा नाही. ते त्या क्षणी मला इतकं जाणवलं की मी खाली त्यांच्या शेजारी जाऊन बसले. आक्कांनी कागद काढला, खाकरल्या, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा त्यांच्या नेहमीच्या आवाजात पहिली ओळ वाचली. मग थांबल्या. बाहेर बायका वाचताहेत हे त्यांना आठवलं असावं. आवाज खाली आणून, अगदी माझ्यापुरता करून, त्यांनी तीच ओळ पुन्हा वाचली आणि पुढे वाचत गेल्या. करंट इतक्यात येऊ नये, असं मला वाटत होतं.